थंब लागेना

नोव्हेंबर लागला की आमच्या ब्रांच पोस्ट ऑफिसात टपालापेक्षा पेन्शनरांचीच वर्दळ जास्त. हयातीचा दाखला वेळेत गेला नाही तर पेन्शन अडकते, त्यामुळे म्हातारी माणसं दिवाळीपासूनच धास्तावलेली असतात. ज्यांना येणं जमत नाही त्यांच्या घरी आम्ही डाक सेवक मोबाईल आणि थंब मशीन घेऊन जातो. फी 70 रुपये.

पांझराकाठच्या आमच्या गावात फौजी पेन्शनर मोजकेच. त्यातले सगळ्यात जुने आबा, पहिल्या मराठा लाइट इन्फंट्रीचे, म्हणजे जंगी पलटणीचे. मी गेलो तेव्हा ओसरीत कापसाचा ढीग छतापर्यंत लागलेला आणि आबा बाजूला बाजेवर बसलेले.

"ये रे भाऊ, बठ."

आधार नंबर टाकला, बोट ठेवलं, मशीनने नाकारलं. दुसरं बोट, अंगठा, डावा हात, सगळं झालं. ओल्या फडक्याने पुसून, खोबरेल लावूनही जमेना. आबांचा हात जवळ घेऊन पाहिला. वेचणीत बोंडांच्या वाळक्या टोकांनी बोटांची कातडी चिरून चिरून इतकी गुळगुळीत झाली होती की रेघ म्हणून राहिली नव्हती. या वयातही वेचणीला जातात. मजूर मिळत नाही आणि मिळाला तर परवडत नाही.

"मी जित्ता शे, तू देखी राहिना ना? मंग मशीनले काय व्हयनं?"

उरला उपाय मोबाईलवर चेहरा दाखवण्याचा. त्याला नेटवर्क धड लागतं, आणि आमच्याकडे दुपारी ते असतं-नसतं. मोबाईल खिडकीत टेकवून बसलो. भिंतीवर जुना फोटो होता, छातीवर मेडल. कुठलं म्हणून विचारलं. पूर्वी स्टार, बांगलादेशच्या लढाईचं.

71 च्या डिसेंबरात त्यांची पलटण मेघालयाकडून खाली उतरली आणि ब्रह्मपुत्रा ओलांडून जमालपूरच्या पाठीमागे, ढाक्याच्या रस्त्यावर जाऊन बसली. आबा एसएलआर रायफल घेऊन एका खड्ड्यात. हातपाय गारठलेले, विडी पेटवायची बंदी. त्या नदीपुढे आपली तापीसुद्धा लहान वाटते म्हणाले. समोर जमालपुरात पाकिस्तानची 31 बलुच पलटण. आपले ब्रिगेडियर क्लेर यांनी शरण या म्हणून चिठ्ठी पाठवली. बलुचच्या कर्नलने उत्तर दिलं ते बंदुकीच्या गोळीभोवती गुंडाळून. मजकुराचा मतलब असा, की खरी लढाई अजून सुरू व्हायची आहे, पुढच्या वेळी हातात पेन नको, स्टेनगन घेऊन भेटा. 10 तारखेच्या रात्री तीच बलुच पलटण ढाक्याकडे निसटायला निघाली आणि मराठ्यांच्या मोर्च्यांवर येऊन आदळली. पहाटेपर्यंत गोळीबार चालला. 11 तारखेला जमालपूर पडलं, 16 ला ढाका.

लढाई आबांनी दोन-तीन वाक्यांत आटोपली. "दिसे काहीच नही, नुसता आवाज." जास्त बोलले ते चिठ्ठी नेणाऱ्याबद्दल. तिथलाच कुणी स्थानिक माणूस होता, फौजी नव्हता. गेला आणि उत्तर घेऊन परतही आला. "आम्हना हातमा बंदूक तरी व्हती. त्याना हातमा काय, कागद!" असं म्हणून माझ्या खाकी पिशवीकडे पाहून हसले. मीही हसलो. कुत्र्यांपलीकडे आमच्या वाटेला फारसं काही येत नाही.

पुढचं आयुष्य त्यांनी विचारल्याशिवाय सांगितलं नाही. पेन्शनीपुरती नोकरी करून घरी आले, मग धुळ्यात एका बँकेच्या दारात बारा बोअरची बंदूक घेऊन गार्ड. उरलेला वेळ शेती. वन रँक वन पेन्शन, म्हणजे एका हुद्द्याला सारखीच पेन्शन, आली तेव्हा थोडी रक्कम वाढली, त्यात विहिरीचं काम झालं. माझ्या मते माणसाने लढाईत घालवले ते दोन आठवडे ही एक गोष्ट झाली, आणि त्यानंतरची पन्नास वर्षं कागद सांभाळण्यात गेली ती दुसरी. सत्कार होतो तो फक्त पहिलीचा.

कागदाचं म्हणायचं कारण आजींनी काढलं. लग्नानंतर पलटणीत आजींचं माहेरचं नाव कळवलं गेलं, तेच पेन्शनच्या हुकमात आलं. आधारवर सासरचं. आबा असेतो कुणाचं काही अडत नाही. पण उद्या फॅमिली पेन्शन मागायला गेल्यावर दोन नावांची ही एकच बाई, हे आजींनी कुणाला पटवायचं? आबांना पुढच्या वर्षी ऐंशी पूर्ण, पेन्शन 20 टक्क्यांनी वाढेल, त्याचा त्यांना फार आनंद दिसला नाही. नावाचा घोर मोठा.

तेवढ्यात रेंज आली. मोबाईल समोर धरला, "आबा, डोळे मिटा-उघडा." आबांनी गच्च मिटले ते उघडेचनात. आजी ओरडल्या, तेव्हा उघडले. हिरवी खूण आली, दाखला गेला. फौजी पेन्शन आता 'स्पर्श' या संरक्षण खात्याच्या ऑनलाइन व्यवस्थेवर आहे, पेन्शन देणारं खातं निवडताना चूक झाली तर दाखला भलतीकडेच जातो, म्हणून मी आलेला मेसेज परत एकदा तपासला.

नावाच्या दुरुस्तीसाठी दोघांना धुळ्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जायला सांगितलं. तिथे अर्ज तयार झाला, प्रतिज्ञापत्र जोडलं, आणि बेळगावच्या रेकॉर्ड ऑफिसचं पाकीट आबा माझ्याकडेच घेऊन आले. स्पीड पोस्ट केलं. आबांनी पावती चष्म्याशी धरून वाचली आणि विचारलं, बेळगावला उत्तर द्यायला किती दिवस लावतात. मी म्हटलं, ते माझ्या हातात नाही, आलं की त्याच दिवशी घरी आणून देतो.