पायातल्या आकड्याला हात लावायचा नाही

या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत सहली आणि स्नेहसंमेलनं भरपूर येतील, म्हणून मी ब्युटेनवर, म्हणजे सिलिंडरमधल्या एका वायूवर लिहितो.

आमच्या शास्त्राच्या बाईंचा समीकरणांबाबत एकच दंडक होता: पायातल्या आकड्याला हात लावायचा नाही. हायड्रोजन अधिक ऑक्सिजन बरोबर पाणी. डावीकडे ऑक्सिजनचे अणू दोन, उजवीकडे एक; दोन्हीकडे सारखे व्हायला हवेत. कुणीतरी हमखास पाण्यातल्या ऑक्सिजनच्या पायाशी बारीकसा दोन लिहून मोकळं व्हायचं. बाई विचारायच्या, "पिणार का हे? हायड्रोजन पेरॉक्साइड केलंस तू." आकडा घालायचा तो रेणूच्या आधी.

मग ब्युटेनचं ज्वलन. त्याच्या रेणूत कार्बनचे अणू चार, हायड्रोजनचे दहा. आधी कार्बन, मग हायड्रोजन, ऑक्सिजन शेवटी. तो डावीकडे सुटा असतो, त्याचा आकडा बदलला तरी बाकीचं हलत नाही. उत्तर साडेसहा यायचं. अर्धा रेणू चालत नाही, म्हणून सगळ्याला दोनाने गुणायचं: दोन ब्युटेन, तेरा ऑक्सिजन, आठ कार्बन डायऑक्साइड, दहा पाणी.

पुढे मी पाइप गॅसच्या जोडणीच्या कामाला लागलो. ठाण्यात सिलिंडर जाऊन पाइप येत होता, तेव्हा नौपाड्यातली कितीतरी स्वयंपाकघरं पालथी घातली. घरोघरी काकूंचा एकच सवाल: "शेगडी चांगली चाललीय, उघडता कशाला?" जेट, म्हणजे गॅस सोडणारी बारीक भोकाची तोटी, बदलायला! सिलिंडरमध्ये प्रोपेन-ब्युटेन, पाइपमध्ये मुख्यतः मिथेन. मिथेनच्या रेणूला ऑक्सिजनचे दोनच रेणू पुरतात. वायूंत रेणूंचं प्रमाण तेच आकारमानाचं, आणि हवेत ऑक्सिजन साधारण २१ टक्के. म्हणजे लिटरभर मिथेनला साडेनऊ लिटर हवा, ब्युटेनला जवळजवळ ३१. मिथेनची लिटरमागे उष्णताही कमी, म्हणून तेवढीच आच हवी तर जेटचं भोक मोठं लागतं. त्याच मोठ्या भोकावर परत सिलिंडर जोडलात तर हवा अपुरी पडते. ज्योत पिवळी, पातेल्याला काजळी, आणि न दिसणारा, वास नसलेला कार्बन मोनॉक्साइड. बाथरूममध्ये गॅस गिझर बसवून झरोक्याला प्लायवूड ठोकणाऱ्यांशी मी याच आकड्यांवरून आजही भांडतो.

घंटाळीच्या एका आजींना हे सगळं कॅलेंडरच्या पाठीवर लिहून दाखवलं. त्या निवृत्त शिक्षिका निघाल्या. दोन्ही बाजूंचे ऑक्सिजन बोटाने मोजले, आणि मगच शेगडीला हात लावू दिला.