आमची वाटचाल : चार टेबलांची खानावळ आणि काळी बिअर

आईनं कोल्हापुरात शाहूपुरीत राहत्या घराच्या पुढच्या खोलीत खानावळ काढली तेव्हा मी सातवीत होतो. चार टेबलं. बुधवार-शुक्रवार-रविवार मटण, बाकीचे दिवस पिठलं-भाकरी. पुढं मी गल्ल्यावर बसलो, फॅमिली सेक्शन केला, परमिट रूमचं लायसन काढलं. (लायसनची कथा सांगत बसलो तर बाकीचं राहूनच जाईल.) २०१९ च्या महापुरात कोठीत कमरेएवढं पाणी आणि पुढच्याच वर्षी लॉकडाऊन, जे सगळ्यांचं झालं तेच आमचं.

सांगायचंय ते काळ्या बिअरचं, म्हणजे स्टाउटचं.

पुण्या-मुंबईला नोकरीला गेलेली आमची गिऱ्हाइकं सुट्टीला आली की मागं लागायची, "मालक, स्टाउट ठेवा की." शेवटी दोन पेट्या मागवल्या. माल कुठंतरी उन्हात पडून आलेला. तोंडात घेतली तर ओल्या पुठ्ठ्याची चव. वितरकानं परत घ्यायला नकार दिला, पैसे गेले. दुसऱ्या वेळी माल ताजा होता, पण चूक आमची. नेहमीच्या बिअरसारखी बर्फगार करून तांबड्या रश्श्याबरोबर पाठवली. एका पैलवान गड्यानं घोट घेऊन ग्लास खाली ठेवला, "औषध हाय काय हे?"

मग एका रविवारी शटर अर्धं ओढून आम्ही सहाजण ताटं घेऊन बसलो. बाटल्या अर्धा तास आधी फ्रीजबाहेर काढल्या होत्या, कारण फार गार असली की या बिअरचा वासच उघडत नाही. ग्लासात काळीकुट्ट, ट्यूबलाइटसमोर धरली की कडेला लालसर. फेस गुळवणीच्या रंगाचा. सगळ्यांना वाटत होतं काळी म्हणजे कडक. तसं काही नसतं. डब्लिनची प्रसिद्ध स्टाउट गिनेस ४.२ टक्के अल्कोहोलची, आणि आपल्याकडची स्ट्राँग बिअर ५ ते ८ टक्क्यांची. रंग येतो तो कॉफीसारख्या भाजलेल्या बार्लीचा, आणि तीही एकूण धान्यात शेकडा पाच-दहाच.

आधी तांबडा. तिखटावर बिअरचा गॅस आणि कडवटपणा पडला की जीभ आणखीच पेटते, त्यामुळं त्या पैलवानाचं खरंच होतं. पांढऱ्याबरोबर बरी लागली, पण नारळाचं दूध आणि खसखस पार दबून गेली. तिसरा घास सुक्क्या मटणाचा. सगळे गप्प झाले. आचारी मामांनी न बोलता दुसरा घास घेतला, वर घोट, आणि मग भाकरीनं ताट पुसलं.

आई तोंडाला लावत नाही. पण काय चाललंय बघायला आली, ग्लास उचलून नाकाशी नेला. "खोबरं भाजलंय कुणीतरी."

म्हटलं, खोबरं नव्हे, बार्ली.

"असंल. पण करपू दिलेलं न्हाई."

आमच्या सुक्क्याच्या वाटणात सुकं खोबरं आणि कांदा निखाऱ्यावर काळपट होईस्तोवर भाजतात. त्यापुढं एक मिनिट गेलं तर अख्खं पातेलं कडू. बिअरवाल्याचीही हीच कसरत. वीस वर्षं रोज तो वास नाकात घेऊन मी वाटणाजवळ उभा राहिलो आणि मला कळलं नाही, याचा थोडा राग आला.

आता वेटर आधी ताट कुठलं ते विचारतो. तांबडा-पांढरा ओरपायला आलेल्याला साधी लागर (नेहमीची पिवळी बिअर), नाहीतर सोलकढी. सुक्कं मागवलं तरच स्टाउटचं नाव काढायचं. तिखट सोसत नसेल त्याला मिल्क स्टाउट. तिच्यातली दुधाची साखर यीस्टला खाता येत नाही, म्हणून गोडी मागं राहते. खप फार नाही, आठवड्याला दोन पेट्या. गल्ला आजही मटणावरच चालतो.

नवा माल आला की पहिली बाटली आईच्या नाकाखाली जाते. मागच्या महिन्यात एक पेटी तिनंच परत पाठवायला लावली.