कॅमेरा जोडलेला आहे, पण सापडत नाही

घरातली जुनी पत्रं आणि हिशेबाच्या वह्या फोटो काढून जपायच्या होत्या. त्यासाठी कॅमेरा स्टँडवर खाली तोंड करून बसवला आणि यूएसबी केबलने लॅपटॉपला जोडला. असा उभा कॅमेरा लावला की त्याचा मागचा स्क्रीन छताकडे जातो, त्यात बघायला स्टुलावर चढावं लागतं. म्हणून लाइव्ह व्ह्यू, म्हणजे लेन्सला त्या क्षणी दिसणारं चित्र, लॅपटॉपवरच दिसायला हवा होता. स्टँड, दिवे, सॉफ्टवेअर, सगळं एका बैठकीत झालं.

कॅमेरा कागदाला समांतर करणं अवघड असेल असं वाटलं होतं, तेही पटकन जमलं. पाणसळ लावण्याच्या भानगडीत पडू नका. ती जमिनीशी समांतर काय ते सांगते, आपल्याला कागदाशी समांतर हवं असतं, आणि टेबल जरासं कलतं असलं की दोन्ही वेगळं. त्याऐवजी स्टँडच्या पाटावर सपाट आरसा ठेवा, लाइव्ह व्ह्यूमध्ये ग्रिड लावा आणि आरशातल्या लेन्सवर फोकस करा. (आरशाच्या काचेवर नाही. प्रतिबिंब दुप्पट अंतरावर असतं.) लेन्सचा मध्य बरोबर फ्रेमच्या मध्यावर आला की काम झालं. कागदाची एक बाजू आखूड आणि समोरची लांब दिसत असेल तर कॅमेरा कलला आहे. चौकट नीट पण तिरकी दिसत असेल तर कॅमेऱ्याला हात लावू नका, कागद फिरवा.

आता खरी कटकट. लाइव्ह व्ह्यू सुरू व्हायचा, थोडा वेळ चालायचा, मग चित्र गोठायचं आणि ‘कॅमेरा सापडला नाही’ असा संदेश यायचा. कॅमेरा समोर, चालू, केबल दोन्हीकडे खोचलेली! डिव्हाइस मॅनेजरमध्ये, म्हणजे विंडोजच्या उपकरणांच्या यादीत, त्याचं नावसुद्धा दिसत होतं. कंपनीच्या मदत केंद्राला लिहिलं. उत्तर आलं, केबल बदला. बदलली. मग ड्रायव्हर पुन्हा टाका. टाकला. मग फर्मवेअर, म्हणजे कॅमेऱ्याच्या आतलं सॉफ्टवेअर. प्रत्येक उत्तराच्या तळाशी ‘आपला संयम मोलाचा आहे’. माझा संयम तोवर संपला होता. केबल नुसती चार्जिंगची असेल, हेही त्यांनी सुचवलं. अहो, तशी असती तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये नाव आलं असतं का? चार्जिंगच्या केबलमध्ये डेटाच्या तारा नसतात, कॅमेरा कॉम्प्युटरला दिसतच नाही.

उलगडा झाला तो लॅपटॉपचा आवाज चालू केल्यावर. यूएसबी उपकरणाचा संपर्क तुटला किंवा जोडला गेला की विंडोज सूर वाजवतं. स्टँडचा दांडा वरखाली करताना तुटल्याचा सूर वाजला, लगेच जोडल्याचाही. केबल कॅमेऱ्याच्या बाजूने लोंबत होती, तिचं वजन पोर्टवर येत होतं आणि जरा धक्का लागला की क्षणभर संपर्क जात होता. पण क्षणभरच! मग सॉफ्टवेअरला कॅमेरा परत का मिळू नये?

कारण मधल्या मध्ये दुसराच कोणीतरी तो पकडत होता. कॅमेऱ्याचा वेबकॅम करणारा एक प्रोग्रॅम लॅपटॉप सुरू होताच मागे चालू व्हायचा. कॅमेरा नव्याने जोडला गेला की तो आधी हात घालायचा, आणि माझ्या सॉफ्टवेअरला कॅमेरा मोकळा मिळतच नसे. एका वेळी एकाच प्रोग्रॅमला त्याच्याशी बोलता येत होतं. म्हणजे दोष दोन होते, एकात एक गुंतलेले. नवी केबलही तशीच लोंबणार, मग फरक कसा पडावा? तो प्रोग्रॅम नुसता बंद केला, तरी धक्का लागला की चित्र जाणारच. मदत केंद्राचं ‘एका वेळी एकच बदल करून पाहा’ हे शहाणपण इथे कुचकामी होतं. दोन्ही एकदम केलं तेव्हाच सुटलं. केबल दांड्याला वेलक्रोच्या पट्टीने बांधली, पोर्टजवळ थोडी सैल ठेवली, आणि तो आगाऊ प्रोग्रॅम स्टार्टअपच्या यादीतून काढून टाकला.

लिनक्सवर जीफोटो2 (कॉम्प्युटरवरून कॅमेरा चालवायचा प्रोग्रॅम) वापरत असाल आणि -53 असा एरर आला, तर बहुधा हीच गत असते. डेस्कटॉपने कॅमेरा आपोआप माउंट करून, म्हणजे फायली बघायला उघडून, अडवलेला असतो. अनमाउंट करा, केबल बदलत बसू नका. लांब केबल मात्र खरंच नडते. यूएसबी 2.0 ची साधी केबल 5 मीटरच्या पुढे नेऊ नये.

हो, समांतरचं सांगताना एक राहिलं. झूम लेन्स खाली तोंड करून ठेवली की स्वतःच्या वजनाने घसरू शकते आणि फ्रेम हळूहळू बदलते. झूमच्या रिंगला टेप लावा. स्टॅबिलायझेशन (हाताची थरथर सावरणारी सोय) बंद ठेवा, नाहीतर लाइव्ह व्ह्यूमधली चौकट आणि फोटोतली चौकट जुळत नाही. ऑटो रोटेटही बंदच करा. कॅमेरा सरळ खाली बघत असला की त्याला उभं-आडवं कळत नाही, आणि एकाच वहीची काही पानं उभी, काही आडवी निघतात. ती नंतर एकेक फिरवत बसण्यात माझी एक संध्याकाळ गेली आहे.