नातलगांनी ऐकून झालं, आता पुढे?

इंदूरहून निघणाऱ्या मराठी पॉडकास्टचा आलेख बहुधा एकाच वळणाने जातो. पहिल्या चार-पाच भागांना आकडे चढतात, कारण आत्या, मावशी, शाळासोबती, राजेंद्र नगरातले शेजारी आणि पुण्याला स्थायिक झालेली चुलत भावंडं कौतुकाने ऐकतात. सहाव्या-सातव्या भागापासून रेघ आडवी पडते. मग जो उपाय सर्वांत आधी सुचतो तो नेमका चुकतो: आठवड्याला एकाऐवजी दोन भाग काढायचे. आहेत त्याच श्रोत्यांच्या कानावर दुप्पट भार पडतो, संपादन घाईत उरकलं जातं आणि दोन महिन्यांत करणाराच दमतो.

ज्याचं आपल्याशी काही नातं नाही त्याने हा भाग का लावावा, आणि लावल्यावर का ऐकत राहावं, या दोन प्रश्नांवर वाढ अवलंबून असते. दुसरा प्रश्न आधी सोडवायचा. लोक दोन मिनिटांत निघून जात असतील तर जाहिरातीवर घातलेला प्रत्येक रुपया वायाच.

आधी आकड्यांबद्दल. डाउनलोड हा शब्द फसवा आहे. या क्षेत्रात सर्वमान्य झालेल्या आयएबी या डिजिटल जाहिरातींच्या संस्थेच्या मोजणीत, एका मिनिटाच्या आवाजाइतकी तरी फाइल श्रोत्याच्या यंत्रापर्यंत पोचली की एक डाउनलोड धरतात, आणि २४ तासांत त्याच यंत्राने तीच फाइल पुन्हा मागितली तर ती वेगळी मोजत नाहीत. फाइल पोचली एवढंच यातून कळतं, ती ऐकली की नाही ते नाही. २०२३ मध्ये ॲपलने आयओएस १७ सोबत आपोआप होणाऱ्या डाउनलोडवर लगाम घातला, तेव्हा कित्येक कार्यक्रमांचे आकडे एकदम खाली आले. ऐकणारे होते तेवढेच होते, न ऐकता साठणाऱ्या फायली कमी झाल्या होत्या.

त्यापेक्षा कामाचा आकडा म्हणजे लोक किती वेळ टिकतात. स्पॉटिफाय फॉर क्रिएटर्स, ॲपल पॉडकास्ट्स कनेक्ट आणि यूट्यूब स्टुडिओ या तिन्ही ठिकाणी प्रत्येक भागाचा असा आलेख फुकट मिळतो. ॲपल तर 'गुंतलेले श्रोते' असा वेगळा आकडाच देतं: ज्यांनी एका भागाची किमान २० मिनिटं किंवा ४० टक्के भाग ऐकला ते. मराठी श्रोत्यांत आयफोनवाले थोडे, पण इंदुरातून अमेरिकेला गेलेली मंडळी बरीचशी ॲपलवरच ऐकतात, म्हणून तो आकडा सोडू नये. दोन भागांची तुलना मात्र समान वयावर करायची, पहिले ७ दिवस विरुद्ध पहिले ७ दिवस. सहा महिने जुन्या भागाशी कालच्या भागाची तुलना करून उगाच खट्टू होणारे खूप असतात.

आलेख वाचायचा तो असा. पहिल्या दोन मिनिटांत कडा कोसळल्यासारखी घसरण दिसली, तर सुरुवात लांबली आहे किंवा शीर्षकाने दिलेलं वचन आत पाळलेलं नाही. संथ, सलग उतार सगळीकडेच असतो, तो सोडून द्या. मध्येच एका जागी खड्डा असेल तर ते मिनिट काढून स्वतः ऐका. बहुतेक वेळा तिथे पाहुणे संस्थेच्या पदाधिकाऱ्यांची नावं वाचत असतात, किंवा विचारणाऱ्याचा प्रश्न दीड मिनिटाचा झालेला असतो, किंवा पाहुण्याच्या बाजूचा आवाज बदललेला असतो. यूट्यूबच्या आलेखात कधी उंचवटाही दिसतो. लोकांनी मागे जाऊन पुन्हा ऐकलेली ती जागा. लोकांना पाठवायची छोटी क्लिप तिथूनच कापायची, आपल्याला आवडलेल्या वाक्यापासून नव्हे.

आता सुरुवात. बहुतेक मराठी पॉडकास्ट पहिली तीन मिनिटं अशी घालवतात: ४० सेकंद संगीत, मग 'नमस्कार मंडळी', मग कार्यक्रमाची भूमिका, मग पाहुण्यांचा सभेतल्यासारखा परिचय आणि त्यावर पाहुण्यांचे आभार. हा व्यासपीठाचा शिष्टाचार आहे. सभागृहात खुर्चीवर बसलेला माणूस उठून जात नाही, म्हणून तिथे तो खपतो. कानात हेडफोन घालून भाजी निवडणाऱ्याला कसलाच संकोच नसतो.

उदाहरणार्थ, विषय होळकर क्रिकेट संघाचा आहे. सुरुवात अशी करता येईल: 'मार्च १९४५. रणजीचा अंतिम सामना, समोर मुंबई. महूला लष्करी नोकरीवर असलेला इंग्लंडचा डेनिस कॉम्प्टन होळकरांकडून नाबाद २४९ धावा काढतो. आणि तरीही होळकर हरतात.' हे म्हणायला २० सेकंद पुरतात. त्यानंतर ८ ते १० सेकंद संगीत, एका वाक्यात स्वतःचं नाव, एका वाक्यात पाहुण्यांचं, आणि पहिला प्रश्न. ७५ व्या सेकंदापर्यंत पाहुणे बोलू लागले पाहिजेत. त्यांची पदवी, पुरस्कार, पुस्तकं वर्णनात लिहा, आणि जी गोष्ट बोलण्याच्या ओघात लागेल ती तिथेच सांगा.

'फॉलो करा' ही विनंती एका भागात एकदाच, आणि ती शेवटी नको. शेवटपर्यंत पोचणारे थोडे असतात आणि ते बहुधा आधीच फॉलो करत असतात. भागातला सर्वांत रंगलेला किस्सा संपल्या संपल्या, एका वाक्यात. 'लाइक करा, शेअर करा, घंटी दाबा, प्रतिक्रिया कळवा' अशी आरती म्हटली की लोक त्यातलं काहीच करत नाहीत.

मग येतो शीर्षकाचा प्रश्न, आणि आम्हा इंदूरकरांची खरी गोची इथेच आहे. आपला श्रोता तीन जातींचा. इथेच राहणारा मराठी, जो इथल्या सानंद या संस्थेच्या नाटकांना जातो आणि रामबागेतली गल्ली सांगितली की ओळखतो. इथून बाहेर गेलेला, ज्याला पोह्यांवर भुरभुरलेला जिरावण मसाला आठवतो. आणि महाराष्ट्रातला, ज्याला इंदूर म्हणजे सराफा आणि स्वच्छतेचा क्रमांक एवढंच माहीत. पहिल्या दोघांची संख्या मर्यादित आहे. वाढायला जागा आहे ती तिसऱ्याकडे, आणि शीर्षकं मात्र सगळी पहिल्यासाठी लिहिलेली असतात.

'होळकर क्रिकेटचा सुवर्णकाळ, भाग ३' हे शीर्षक ज्याला विषय आधीच ठाऊक आहे त्यालाच कळतं. 'कॉम्प्टनच्या २४९ धावा, तरी मुंबईने रणजी कशी जिंकली?' यात मुंबईकर स्वतःला शोधतो. विषय तोच, पाहुणे तेच, दार तेवढं बाहेरच्या बाजूला उघडलं. प्रत्येक इंदुरी विषयाला असं एक दार असतं. माणिकबाग राजवाडा म्हटलं तर इथल्यांपुरतं राहतं, पण १९३० च्या दशकात एकार्ट मुथेसियस या जर्मन वास्तुकाराने तो होळकर महाराजांसाठी घडवला म्हटलं की वास्तुकलेचे विद्यार्थी येतात. चित्रकार ना. श्री. बेंद्रे इंदूरचे खरे, पण पुढे बडोद्याच्या विद्यापीठात त्यांनी चित्रकला शिकवली, म्हणून त्यांच्यावरचा भाग बडोद्याच्या मराठी मंडळींकडे सहज पोचतो. असं दार सापडत नसेल तर तो विषय टाकून देऊ नका, पण त्याच्याकडून वाढीची अपेक्षाही ठेवू नका. तो घरच्यांसाठीचा भाग, असे चारात एक असावेत.

शीर्षकाचा जीव पहिल्या ३५-४० अक्षरांत. फोनच्या पडद्यावर पुढचं कापलं जातं. म्हणून पॉडकास्टचं नाव आणि भाग क्रमांक शीर्षकात घालू नका. क्रमांकासाठी फीडमध्ये, म्हणजे ॲप ज्यातून तुमचे भाग उचलतात त्या आरएसएस यादीत, वेगळी जागा असते. आणि शोधणारा कसं टाइप करतो ते पाहा. मराठी माणूस 'इंदूर' आणि 'होळकर' लिहितो, हिंदी कीबोर्डाला सरावलेला इंदुरी 'इंदौर' आणि 'होलकर', आणि बाकी सगळे रोमन लिपीत. शीर्षक मराठीत ठेवा, हिंदी वळणाची आणि रोमन रूपं वर्णनाच्या पहिल्या दोन वाक्यांत स्वाभाविकपणे येऊ द्या. पॉडकास्टच्या नावातच शोधशब्द कोंबले तर ॲपल ते नाकारू शकतं. फीडची भाषा मराठी अशी नोंदवली आहे ना तेही तपासा. होस्टिंगवर, म्हणजे भागांच्या फायली ठेवणाऱ्या सेवेवर, खातं उघडताना इंग्रजी आपोआप निवडलेली असते आणि ती तशीच राहून जाते.

भाषेवरून एक. पाहुणे मध्येच हिंदीत घसरले तर राहू द्या. आपलं मराठी तसंच आहे, आणि पुणेरी श्रोत्याला तेच ऐकायला मजा येते.

ध्वनीबद्दल थोडक्यात, कारण इथे चूक झाली तर वरचं सगळं फुकट. माइक तोंडापासून एक वीत, किंचित तिरका, म्हणजे 'प' आणि 'फ'चे फटके बसत नाहीत. पंखा बंद, फ्रिजपासून दूर, गाद्या-पडदे असलेली खोली. रेकॉर्डिंगची पातळी उणे १२ डेसिबलच्या आसपास शिखरं येतील अशी. बाहेरगावच्या पाहुण्याचा आवाज व्हॉट्सॲप कॉलवरून उचलू नका. त्यांना त्यांच्याच दुसऱ्या फोनवर रेकॉर्डर लावायला सांगा, सुरुवातीला दोघांनी एक टाळी वाजवा, आणि संपादनात दोन्ही टाळ्या जुळवा. तयार फाइलचा आवाज उणे १६ एलयूएफएस (कानाला जाणवणाऱ्या सरासरी मोठेपणाचं माप), शिखर उणे १ डेसिबलच्या वर नको. ऑडॅसिटी या संपादनाच्या सॉफ्टवेअरात लाउडनेस नॉर्मलायझेशन वापरताना मोनोला (एकाच वाहिनीच्या आवाजाला) ड्युअल मोनो धरण्याची खूण लावा, नाहीतर मोनो फाइल अपेक्षेपेक्षा मोठी वाजते. नुसत्या बोलण्याला ६४ केबीपीएस मोनो एमपी३ पुरतो: अर्ध्या तासाचे साधारण साडेचौदा एमबी. मुखचित्र चौरस, ३००० बाय ३००० पिक्सेल, आणि त्यावरची अक्षरं अंगठ्याच्या नखाएवढ्या चित्रात वाचता येतात का ते फोनवरच पाहा.

यूट्यूब टाळता येणार नाही. गुगल पॉडकास्ट्स २०२४ मध्ये बंद झालं आणि गुगलने सगळ्यांना यूट्यूबकडे वळवलं. तिथे आरएसएस फीड जोडली की मुखचित्राचं स्थिर चित्र लावून भाग आपोआप चढतात. सोय चांगली आहे, पण स्थिर चित्रावर लोक कमी टिकतात. दोन फोन तिवईवर लावून साधं चित्रीकरण जमत असेल तर फीड न जोडता व्हिडिओ हाताने चढवा. दोन्ही केलं तर एकच भाग दोनदा दिसतो आणि प्रेक्षक विभागले जातात.

वाटपाचं खरं माध्यम आपल्याकडे व्हॉट्सॲप. तिथे नुसता दुवा टाकला की तो सुप्रभातच्या गुलाबांखाली गडप. ४० ते ५० सेकंदांची उभी क्लिप, खाली मोठ्या देवनागरीत मजकूर, कारण निम्मे लोक आवाज बंद ठेवून पाहतात. किस्सा अर्ध्यावर तोडा आणि खाली एकच दुवा द्या. पाच ॲपचे पाच दुवे दिले की ज्येष्ठ मंडळी कुठेच जात नाहीत. घरच्या आणि ज्ञातीच्या ग्रुपवर यूट्यूबचा, तरुणांना स्पॉटिफायचा. पाहुण्यांना क्लिप, फोटो आणि दोन ओळींचा तयार मजकूर प्रकाशनाच्या दिवशीच पाठवा. आठवडाभराने पाठवलेली क्लिप कुणी पुढे ढकलत नाही. ग्रुपही तेवढेच निवडा जिथे तुम्ही एरवी काही बोलता. फक्त दुवा टाकायला उगवणाऱ्याला लोक मनातल्या मनात म्यूट करतात.

याहून जास्त उपयोगी पडते ती अदलाबदल, आणि मराठीत ती फारच कमी होते. तुमच्याएवढेच श्रोते असलेला ग्वाल्हेर, बडोदा किंवा पुण्याचा पॉडकास्ट शोधा. त्यांचा एक पूर्ण भाग तुमच्या फीडवर, तुमचा त्यांच्या, दोन्हीकडे सुरुवातीला ३० सेकंदांत आपल्या आवाजात सांगायचं की हा का ऐकावा. पॉडकास्ट ऐकायची सवय आधीच असलेला श्रोता मिळतो. फेसबुकवर पैसे लावून येणाऱ्याला ती सवय आधी लावावी लागते. आणि 'हजार प्ले, एवढे रुपये' अशी विक्री करणाऱ्यांकडे फिरकू नका. ते प्ले काही सेकंदांचे असतात, तुमचा टिकण्याचा आलेख त्यांनी बिघडतो, आणि नंतर काय सुधारायचं तेच कळेनासं होतं.

वेळापत्रक आठ भागांच्या पर्वाचं ठेवा. पहिला भाग काढण्याआधी तीन भाग संपादित होऊन हाताशी हवेत. पंधरवड्याला एक, ठरलेल्या वारी. रविवारी पोहे-जलेबी आटोपल्यावरचा वेळ इंदुरात चांगला. पर्व संपलं की मधल्या काळात गप्प बसायचं नाही, जुने भाग बाहेर काढायचे. ३१ मे अहिल्याबाईंची जयंती, २८ सप्टेंबर लताबाईंची, त्यांचा जन्म इथलाच, १९२९ चा. त्या आठवड्यात लोक आपणहून शोधतात. जुन्या भागाचं शीर्षक आणि वर्णन वरच्या रीतीने नव्याने लिहा, सुरुवातीची दोन मिनिटं कापून फाइल बदला. फक्त त्या भागाचा जीयूआयडी, म्हणजे फीडमधली त्याची ओळखखूण, बदलू देऊ नका. ती बदलली की ॲपला तो नवा भाग वाटतो आणि जुन्या श्रोत्यांना तो पुन्हा नवा म्हणून दिसतो.

होस्टिंग कंपनी बदलायची असेल तर तेही अशाच मधल्या काळात. जुन्या फीडवरून नव्या पत्त्याकडे ३०१ पुनर्निर्देशन, म्हणजे ॲपना कायमचं नव्या पत्त्यावर पाठवणारी सूचना, लावायचं, नव्या फीडमध्ये पत्ता बदलल्याची खूण टाकायची, आणि जुनं खातं किमान चार आठवडे चालू ठेवायचं. पैसे वाचवायला ते आधीच बंद केलं तर फॉलो करणारे जुन्या पत्त्यावरच अडकतात. नवे भाग का येत नाहीत हे त्यांना कळत नाही, आणि तुम्हाला वाटतं लोक कंटाळले.