माझा अनुभव : फिंगरपिकिंगमध्ये अडकलेला अंगठा

‘हळू वाजव, मेट्रोनोम लाव, रोज बस.’ अकूस्टिक गिटारवर पिकिंग, म्हणजे बोटांनी एकेक तार छेडत वाजवणं, अडलंय असं कुणालाही सांगा, ही तीन वाक्यं ठरलेली. मला ती इतक्यांनी ऐकवली की मेट्रोनोमची, म्हणजे ठोके मोजणाऱ्या यंत्राची, नुसती टिकटिक कानावर पडली तरी डोकं उठायचं. सल्ला खोटा नाही, पण नेमकं काय अडलंय हे न बघताच दिला जातो, त्याचा राग येतो. मी हळूच वाजवत होते हो! जे जलद वाजवताना बिघडायचं तेच हळू वाजवतानाही बिघडत होतं.

कॉर्ड (डाव्या हाताने एकत्र धरलेले सूर), बारे (एकाच बोटाने अनेक तारा दाबणं), स्ट्रमिंग (सगळ्या तारांवरून हात फिरवणं) यांवर काही लिहीत नाही, ते यथावकाश जमलं. पिकिंगचा पहिला पॅटर्नही पटकन बसला : अंगठा, तर्जनी, मधलं बोट, अनामिका आणि त्याच वाटेने परत. ऐकायला गोड. मग प्रत्येक गाण्याला तोच. संथ गाणं असो की उडतं, सी असो की ए मायनर, उजवा हात एकच काम करणार. शेवटी माझी मलाच झोप यायला लागली. त्यात हौस आली की खाली जाड तारांवर बेस चालू ठेवून गाण्याची चालही गिटारवरच वाजवायची. तिथे जे घोडं अडलं ते अडलंच.

अडलं कुठे ते नीट सांगते, कारण हे मला कुणी सांगितलं नव्हतं. सी कॉर्ड धरायची. (तारा बारीक बाजूने मोजायच्या : पहिली सगळ्यात बारीक, सहावी सगळ्यात जाड.) अंगठ्याने पाचवी तार, चौथी, पाचवी, चौथी. चार मात्रा, चार ठोके. एवढं कुणालाही येतं. आता पहिल्या मात्रेवर अंगठ्याबरोबरच मधल्या बोटाने पहिली तार छेडायची. हेही येतं. मग तोच सूर दोन आणि तीनच्या मधोमध न्यायचा. ‘एक, दोन, आणि, तीन, चार’ असं मोजलं तर त्या ‘आणि’वर. संपलं! मधलं बोट हललं रे हललं की अंगठा जागच्या जागी थबकणार. नाहीतर तीनचा ठोका लवकर उरकून बोटाच्या जोडीला ‘आणि’वरच येऊन बसणार. कधी दोन्ही वेळेवर आले तर अंगठा पाचवीऐवजी परत चौथीवरच. किती वैताग येतो ते ज्याचं अडलंय त्यालाच कळेल.

विचारलं तर उत्तर, ‘होईल, होईल.’ एकाने तर माझी बोटं आखूड आहेत असं निदान केलं. तारा छेडणाऱ्या बोटाच्या लांबीचा आणि लय चुकण्याचा काय संबंध, हे मला अजून कळलेलं नाही.

कारण मला सापडलं ते असं. त्या गोड पॅटर्नमध्ये सगळी बोटं रांगेत उभी असतात. अंगठा वाजवून मोकळा होतो आणि बाकीच्यांची पाळी होईपर्यंत गप्प बसतो. त्याला स्वतःची लय अशी लागतच नाही. हळू वाजवलं तर रांग हळू सरकते, मोडत नाही. माझा मेट्रोनोम इतके दिवस ती रांगच पक्की करत होता!

मग मी डावा हात कामातून काढून टाकला. कॉर्ड नाही, काही नाही. डावा तळहात तारांवर हलकाच टेकवून ठेवायचा, म्हणजे सूर निघत नाही, नुसती टकटक होते. गोड आवाज गेला की लय कुठे लंगडते ते लगेच ऐकू येतं. त्या टकटकीवर एकटा अंगठा चालवायचा आणि तो चालू असताना घरातल्यांशी गप्पा मारायच्या. बोलता बोलता अंगठा अडखळला तर अजून तयारी झालेली नाही. हे भयंकर कंटाळवाणं आहे आणि याला पर्याय मला तरी मिळाला नाही.

त्यानंतर सूर एकच, जागा आठ. चार अंगठ्याच्या ठोक्यांवर, चार ठोक्यांच्या मधे. एका वेळी एकाच जागेवर सूर ठेवायचा आणि तोच घोळवत राहायचं. सात जागा वठल्या. दोनच्या पुढचा तो ‘आणि’ मात्र हटेना. सुटला तो एका बारीकशा गोष्टीने. अंगठा दोनचा ठोका देतो त्याच क्षणी मधलं बोट पहिल्या तारेवर आवाज न करता टेकवायचं. म्हणजे ‘आणि’ येतो तेव्हा बोटाला तार शोधत खाली यायचं नसतं, टेकलेल्या जागेवरून फक्त सुटायचं असतं. माझा अंगठा थबकायचा तो बोटाच्या त्या शोधाशोधीपायी. टेकवायला लागल्यावर तो असा काही चालला की मी वाजवायचं सोडून हसत बसले. टेकवताना त्या तारेचा आधीचा सूर तुटतो, हे मात्र खरं. लय अंगात मुरली की टेकवणं आपोआप कमी होत जातं.

हो, आणि बेस फार घुमत असेल तर उजव्या तळव्याची कड ब्रिजजवळच्या (जिथे तारा गिटारच्या पोटावर अडकवलेल्या असतात) जाड तारांवर ठेवा. ठोका आखूड होतो आणि अंगठा स्वच्छ ऐकू येतो. हे खरं तर आधीच सांगायला हवं होतं.

कोणतं बोट कोणत्या तारेला, यावर वाद घालणाऱ्यांकडे लक्ष देऊ नका. अंगठ्याने बेस सतत चालू ठेवायच्या या पद्धतीला ज्यांच्या नावाने ट्रॅव्हिस पिकिंग म्हणतात ते अमेरिकन गिटारवादक मर्ल ट्रॅव्हिस मुख्यतः अंगठा आणि तर्जनी एवढ्यावरच वाजवायचे. अमेरिकन गायिका-गिटारवादक एलिझाबेथ कॉटन डावखुऱ्या. तारा न बदलता गिटार उलटी धरायच्या, म्हणून बेस बोटांनी आणि चाल अंगठ्याने. अनामिका ऐकत नाही म्हणून मी रडत होते, त्यावर हा उतारा पुरेसा होता.

नुसता हात तयार करायचा असेल तर इटालियन गिटारवादक मौरो जुलियानी यांचे उजव्या हाताचे १२० पाठ आहेत, १८१२ साली छापलेले. डाव्या हाताला सी आणि जी सेव्हन एवढ्या दोनच कॉर्ड, बाकी सगळा खेळ उजव्याचा. ते नायलॉनच्या तारांवर बरे वाटतात, पण स्टीलवरही चालतात. सगळे वाजवायची गरज नाही. जिथे अंगठा आणि बोट एकत्र वाजतात ते निवडा.

तार छेडल्यावर बोट तळहाताच्या दिशेने आत जाऊ द्या. तार वर ओढलीत तर ती फ्रेटबोर्डवर, म्हणजे गिटारच्या मानेवरच्या पट्टीवर, आपटून खणकते.

मेट्रोनोमशी माझं भांडण मिटलंय, पण माझ्या अटींवर. वेग निम्मा करते आणि त्याची टिक दोन आणि चारवर पडते असं धरते. एक आणि तीन आपले आपण सांभाळायचे. अंगठा पळतोय की रेंगाळतोय हे असं वाजवल्यावर लगेच उघडं पडतं.

डी कॉर्डला मात्र वेगळी डोकेदुखी आहे. अंगठ्याला चौथी आणि तिसरी तार द्यावी लागते, मग तर्जनीला दुसरीवर सरकावं लागतं आणि हात आखडतो. मी सहावी तार दोन फ्रेटइतकी (फ्रेट म्हणजे मानेवरच्या आडव्या पट्ट्यांमधलं एकेक घर) उतरवून डी करते. अंगठ्याला सहावी-चौथी मिळते आणि तर्जनी आपल्या तिसरीवर परत. फक्त त्याच गाण्यात जी आली तर सहाव्या तारेवरचा तिचा बेस तिसऱ्या फ्रेटवर नसतो, पाचव्यावर गेलेला असतो. तेवढं बोट आधीच शोधून ठेवा.