दोरीच्या अलीकडे

कोकणातल्या वेळास गावच्या किनाऱ्यावर कासवाची पिल्लं सोडायची असली की आधी वाळूत दोरी बांधतात. दोरीच्या पलीकडे समुद्रापर्यंत ओली, मोकळी वाळू. अलीकडे आपण. पुण्या-मुंबईची मंडळी, उंचावलेले मोबाइल, बाबांच्या खांद्यावर बसून आंबलेली मुलं. कासवमित्र, म्हणजे घरटी राखणारा माणूस, टोपली आडवी करतो आणि मुठीत सहज मावतील अशी काळपट पिल्लं वाळूवर वल्ही मारत निघतात. पहिली लाट पिल्लाला उचलते आणि हमखास उलटं करून मागे आणून टाकते. गर्दीतून 'अरेरे' उमटतं. ते पुन्हा सुलटं होऊन त्याच दिशेने निघतं आणि पुढच्या लाटेबरोबर जातं. अशा वेळी कुणीतरी नाक ओढल्याचा आवाज येतोच. बरेचदा ते नाक माझं असतं.

एकदा शेजारी उभ्या असलेल्या गावातल्या आजींनी मला हटकलंच. "अगो, रडतेस कशाला? लेक सासरी नाय चालली!"

उत्तर काय द्यायचं? सोडलेल्या हजार पिल्लांतलं एखादंच मोठं होतं असं मानतात. बाकीची पक्षी, खेकडे, मासे यांच्या वाट्याला. म्हणजे आपण टाळ्या वाजवतो तेव्हा खरी परीक्षा सुरूसुद्धा झालेली नसते. तरी डोळे भरतात, आणि मला वाटतं ते पिल्लापेक्षा गावामुळे भरतात. एके काळी याच किनाऱ्यावर मादीच्या पावलांचा माग काढून अंडी खणून नेली जायची. माणसांकडून राहिली तर कुत्री आणि कोल्हे होतेच. २००२ साली चिपळूणच्या 'सह्याद्री निसर्ग मित्र' संस्थेने इथे काम सुरू केलं आणि माग काढायचं जुनंच कसब राखणीच्या कामाला लागलं. आता पहाटे किनारा धुंडाळून घरटं सापडलं की शंभरेक अंडी अलगद काढून जाळीच्या कुंपणातल्या उबवणी केंद्रात आणतात. आईने केला असता तसाच, आत रुंद आणि तोंडाशी अरुंद, दीडेक फूट खोल खड्डा हाताने खणतात. अंडी पुरून पाटी लावतात, पाटीवर तारीख आणि अंड्यांची संख्या. मग ४५ ते ६० दिवस वाळू आपलं काम करते. पिल्लू नर होणार की मादी हेसुद्धा तिच्या उबेवर ठरतं.

हे सगळं करणाऱ्याला मी विचारलं, तुम्हाला कधी भरून येतं का हो? तो म्हणाला, "येतं ना. रिकामं घरटं उकरतो तेव्हा. न फुटलेली अंडी जी काय वास मारतात, डोळ्यांतून पाणी थांबत नाय." मी हसले. तो हसला नाही. टरफलं मोजून वहीत लिहायची होती, त्याचा हिशेब चुकत होता.

गंमत म्हणजे अंडी घालताना कासवाच्या मादीच्या डोळ्यांतूनही पाणी वाहतं. पाहणाऱ्यांना ती बाळंतवेणा सोसतेय असं वाटतं. खरं तर डोळ्यांजवळच्या ग्रंथी शरीरातलं जादा मीठ बाहेर टाकत असतात. ती समुद्रातही हेच करते, फक्त तिथे कुणाला दिसत नाही. हे कळल्यापासून माझा तिच्याबद्दलचा आदर वाढला. ज्या गोष्टीचं आपण काव्य करतो ती तिच्यासाठी रोजची साफसफाई.

मला सगळ्यात जास्त रडवलं ते मात्र एका आकड्याने. ०३२३३. २०२५ च्या जानेवारीत गुहागरच्या किनाऱ्यावर रात्री एक मादी अंडी घालायला आली, तिच्या पुढच्या पायावर धातूचा टॅग होता आणि त्यावर हा क्रमांक. शोध घेतला तेव्हा कळलं, हा टॅग २०२१ साली ओडिशाच्या किनाऱ्यावर लावलेला. बंगालच्या उपसागरातली ती बाई सुमारे ३,५०० किलोमीटर कापून कोकणात बाळंतपणाला आली होती! तोवर पूर्व किनाऱ्यावरची कासवं वेगळी आणि पश्चिमेची वेगळी असं समजलं जायचं. बातमी वाचताना समोर ना पिल्लू होतं, ना लाट. फोनवर पाच अंक होते, आणि मी स्वयंपाकघरात उभी राहून पदराने डोळे पुसत होते. गॅसवर दूध उतू गेलं तेही कळलं नाही. चार वर्षांपूर्वी तिकडे कुणीतरी चिमट्याने टॅग बसवला, इकडे कुणीतरी रात्री जागून तो वाचला, आणि मधला सगळा समुद्र तिने आपल्या बळावर पार केला.

ही गोष्ट मी मासेमारी बोटीवरच्या ओळखीच्या एका तांडेलकाकांना सांगितली. त्यांच्या जाळ्यात कासव अडकलं की जाळं कापून सोडावं लागतं. त्याची भरपाई आता सरकार देतं, २५,००० रुपयांपर्यंत, आणि अर्जाबरोबर फोटो लागतो. "आमच्याकडेपण रडारड होते," ते म्हणाले. "जाळं कापून आलो की बायको रडते. ते आनंदाचं नाय."

मग त्यांनी विडी पेटवली आणि ओडिशापासून गुहागरपर्यंतची बंदरं बोटांवर मोजायला घेतली. पारादीप, विशाखापट्टण, चेन्नई. पुढे श्रीलंकेला वळसा. कोची, मंगळूर, मालवण. रत्नागिरीपाशी येऊन थांबले.

"बाय, वाटेत जाळी किती असतील?" ते म्हणाले. "एखादं तरी कोणीतरी कापलंच असणार. त्याला पैसे मिळाले असतील काय?"