चिंचेचा कोळ शेवटी

निफाडचा पारा उतरल्याच्या बातम्या येऊ लागल्या की आमच्या घरी काळ्या मसाल्याचा बटाटा-वांग्याचा रस्सा होतो. नाशिकच्या थंडीत चार माणसांचे बाजरीच्या भाकरीबरोबर पोटभर जेवण व्हावे, एवढा ऐवज त्यात असतो: अर्धा किलो बटाटे, पाव किलो काटेरी वांगी, फ्लॉवरचे मोठे तुरे आणि वाटीभर मटार.

परवा बुधवारच्या बाजारातून भाजी आणली आणि घाईत मसाल्याबरोबरच चिंचेचा कोळ घातला. अर्धा तास रटरटूनही बटाटा दाताखाली कचकन लागत होता. तोवर वांग्यांचा लगदा झाला होता आणि मटार शेवाळी पडले होते. सासूबाईंनी एक घास घेतला आणि म्हणाल्या, "अगं, चिंच आधी घातलीस ना?" बटाट्याच्या पेशी एकमेकींना धरून ठेवणारे पेक्टिन आंबट पाण्यात लवकर सुटत नाही, हे कारण मला ठाऊक होते, पण हात सवयीने पुढे गेला.

आता मी क्रम मोडत नाही. तीन कांदे सालासकट गॅसच्या आचेवर काळे होईपर्यंत भाजायचे, जळकी साले काढायची आणि अर्धी वाटी सुके खोबरे, आले व लसूण यांच्यासह ते बारीक वाटायचे. कांदा लासलगावचा की कुठला यावरून आमच्याकडे वाद होतो. मला विचाराल तर कांदा कसा भाजला, यालाच महत्त्व जास्त. तीन पळ्या तेलात हे वाटण कडेने तेल सुटेपर्यंत परतायचे, मग दोन मोठे चमचे काळा मसाला आणि हळद घालून लगेच बटाट्याच्या जाड फोडी घालायच्या, कारण कोरडा मसाला तेलात जास्त वेळ राहिला तर करपून कडू होतो. त्यावर आधणाचे पाणी ओतायचे. गार पाण्याने उकळी मोडते आणि तर्री नीट येत नाही, असा माझा अनुभव आहे.

झाकणावर पाणी ठेवून दहा मिनिटे शिजवल्यावर चार चिरा दिलेली वांगी आणि फ्लॉवर घालावा, मटार त्यानंतर पाच मिनिटांनी. बटाट्यात सुरी अलगद शिरली की दोन फोडी पळीने पातेल्याच्या कडेला चेचाव्यात. त्यातल्या पिठाने रस्सा आपोआप दाटतो, शेंगदाण्याच्या कुटाची गरज उरत नाही. कूट मला आवडतो, पण या रश्श्यात तो मसाल्याला दाबतो. कोळ, मीठ आणि सुपारीएवढा गूळ शेवटी घालून एक उकळी आणावी.

काल पुन्हा केला. पातेले पुसून काढायला भाकरी कमी पडली.